पाणी उतरेपर्यंत थांबा

५ नोव्हेंबर

सिद्धोधन,

सात वेळा फोन लावला. आठव्यांदा प्रियदर्शनीनं उचलला. "काका, बाबा बोलणार न्हाईत. सारका सारका फोन नका लावू," म्हणाली. तुझी लेक चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा आवाज नुसता दमलेला होता. म्हणून हे पत्र. परभणीचा पत्ता तिच्या लग्नानंतर डायरीत लिहून घेतला होता, तू आता तिच्याकडंच असतोस म्हणून तोच घातलाय. चुडाव्याच्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

इकडचं काय सांगू. सोयाबीन पाण्यात गेलं. गुडघा वाकत नाही. कासाबाईला साखर निघाली, आता तिचा चहा बिनसाखरेचा आणि माझाही, कारण ती म्हणते दोन भांडी कोण चढवणार.

रविवार मात्र जात नाही. सकाळी अंघोळ करून चष्मा पुसतो आणि मग आठवतं की तू येणार नाहीस. आपलं वाचन सुरू होऊन वीस वर्षं झाली असतील नाही? तोवर आपण एकमेकांना तोंडओळखीनं ओळखायचो. तुझी वस्ती ओढ्यापलीकडं, भीमनगरला. माझं घर मारुतीच्या पाराजवळ. मी रेल्वेच्या फाटकावर ड्युटीला, तू सायकलवर शाळेला निघालेला, आणि मालगाडी पूर्णेहून सुटली म्हणतात पण येत नाही. "दिवसभर हितं बसून काय करता हो?" तू विचारलंस. "गाडीची वाट बगतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू लोकशाहीवरचं एक पुस्तक गुमटीच्या खिडकीत ठेवून गेलास. दहावी नापास गेटमनला. पहिलं पान तीनदा वाचलं तेव्हा कुठं काही डोक्यात शिरलं. पुढं फाटक बंद होऊन खालून रस्ता झाला, तू रिटायर झालास, मीही झालो, तरी रविवारी तुझ्या ओसरीवर आपलं वाचन चालूच. बायनामाय चहा घेऊन यायची आणि विचारायची, "आज कोन्या देशाचं भांडण हाय, मास्तर?" लेकाला मास्तर म्हणणारी माय मी दुसरी पाहिली नाही.

जगाच्या राजकारणावरचं ते जाड पुस्तक आपण अर्ध्यात सोडलं होतं. मी पुढं वाचायलोय. रोज चार पानं, त्यापेक्षा जास्त डोळा चालत नाही. कोणत्या देशाला समुद्र नाही, कोणाचं तेल कोणाच्या दारातून जातं, मोठा देश लहान्याची वाट कुठं अडवतो. एका ठिकाणी तटस्थ देशांबद्दल लिहिलंय. दोन बलाढ्य भांडत असताना तटस्थ राहणं शहाणपणाचं, असं काहीसं. मला तुला विचारायचं होतं, एक बलाढ्य असेल आणि एकाकडं काहीच नसेल, तर तिथं तटस्थ म्हणजे काय?

माय गेली त्या दिवसाबद्दल. मला उशीर झाला रे. पाऊस तसा होता. मी पोचलो तोवर तुम्ही तिला घेऊन पूर्णेला निघून गेला होतात. तू अर्ज दिलास, चौकशीचे साहेबही येऊन गेले. मी नव्हतोच तर मी काय सांगणार? तुझ्या मनात माझ्याबद्दल दुसरं काही असेल तर काढून टाक.

दोन ओळी लिही. जास्त नको.

आश्रुबा


१ डिसेंबर

सिद्धोधन,

उत्तर नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

मागचं पत्र कासाबाईला वाचून दाखवलं नव्हतं. परवा तिनं विचारलं, "मास्तराला काय लिवलं?" मी सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली. "तुमी उशिरा पोचलात? मग सकाळच्या पारी छत्री घिऊन कोण गेलतं? मीच दिली की छत्री."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"खोटंच लिवायचं तर कागद कामून खराब करायलात?" असं म्हणून ती परत थापायला लागली.

तर खरं हे की मी साडेनवाच्या आधीपासून तिथं होतो. मागं होतो. बाभळीपाशी, पार मागं.

सगळं दिसत होतं. ओढा भीमनगरच्या अंगानं चढलेला. तुमच्या वस्तीची स्मशानाची जागा छातीभर पाण्यात. गावचं स्मशान उंचावर, वर पत्र्याचं शेड, सरकारी निधीतून बांधलेलं, अख्ख्या गावाच्या नावावर. तुम्ही बायनामायीला खांद्यावर घेऊन चिखलातून तिथवर आलात, आणि माझा भाऊ मुंजाजी आठ-दहा माणसं घेऊन वाटेत उभा. तू ओरडला नाहीस.

"मुंजाजी, पाऊस हाय. हितं पत्रा हाय. मला माझ्या मायीला अग्नी द्यायचाय, बस्स."

"मास्तर, तुमची जागा तिकडं हाय. आजवरची रीत हाय ती."

"तिकडं पाणी हाय."

"मग त्याला आमी काय करावं?"

मी बोललो नाही याची लाज वाटते. एवढंच लिहायचं होतं.

आश्रुबा


२९ डिसेंबर

सिद्धोधन,

मी बोललो नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं. बोललो नसतो तर बरं झालं असतं. तुला ते माहीत आहे. तूच तर ऐकलंस. तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय.

तुझं आणि मुंजाजीचं बोलणं चालू असताना वारं फिरायला लागलं होतं. एक-दोघांनी माना खाली घातल्या होत्या. भारत, तो तरणा गडी, बाजूला सरकून बांधावर जाऊन उभा राहिला. अजून थोडा वेळ गेला असता तर वाट मोकळी झाली असती, असं मला आज वाटतं. मुंजाजीलाही ते कळलं असणार. तो मागं वळला आणि म्हणाला, "दादा, तू सांग. तू एवढी पुस्तकं वाचलीस. काय बरूबर हाय ते तूच सांग."

सगळे वळले. तूही वळलास. सिद्धोधन, तुझा चेहरा त्या क्षणी सैल पडला. सुटलो, असं तुला वाटलं. ते मला अजून दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं, उघडे ठेवले तरी.

मी म्हणालो, "उगं वाद नको. पाणी उतरेपर्यंत थांबा. दोन-तीन तासांचा तर सवाल हाय."

"बगा, दादा बी तेच म्हणायलाय," मुंजाजी म्हणाला. मग कुणाला काही बोलायचं राहिलं नाही. भारत बांधावरून परत येऊन उभा राहिला.

तुम्ही अडीच वाजेपर्यंत थांबलात. मायीच्या अंगावर खताच्या गोणीचा प्लास्टिकचा कागद. प्रियदर्शनी आजीच्या तोंडावर छत्री धरून बसलेली, स्वतः भिजत. पाणी उतरलं नाही, चढलं. शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर आला आणि तुम्ही पूर्णेला गेलात. मी घरी आलो आणि जेवलो. पिठलं होतं. दोनदा वाढून घेतलं.

मी असं का बोललो, यावर दोन महिने विचार केला. आधी मोठीमोठी कारणं सापडायची. गावात शांतता राहावी. लोकशाहीत समजुतीनं घ्यावं लागतं. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडावं, हे तर नीतिशास्त्राच्या पुस्तकातच होतं, त्यावर आपण तीन रविवार भांडलो होतो. वीस वर्षांत तू मला जे जे शब्द दिलेस ते सगळे माझ्या मदतीला धावून आले. पुस्तकं न वाचलेला माणूस एक तर 'जाऊ द्या त्यांना' म्हणाला असता, नाही तर 'जाऊ देऊ नका'. मला तिसरं काहीतरी सुचलं, आणि ते शहाण्यासारखं ऐकू आलं.

हिंदू विचारावरची पुस्तकं वाचायला घेतली होती ते आठवतं? मीच हट्ट धरला होता, की आता माझ्याकडचंही काही वाचू. अद्वैतावर मी तासभर बोललो. सगळ्यांत एकच तत्त्व, भेद हा नजरेचा दोष, वगैरे. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मग पाणवठे दोन कामून होते, आश्रुबा?" मी त्यालाही उत्तर दिलं. मूळ विचार वेगळा, आचार वेगळा, कर्म, स्वधर्म, काळाच्या ओघात आलेली विकृती. उत्तर चांगलं होतं. तू हसलास. "लय छान बोलतोस तू. बोलायच्या येळी बोल म्हंजे झालं." मायही हसली होती, काही न कळता.

पण खरं कारण लहान आहे. मुंजाजीचं आणि माझं अंगण एक. मला पोरबाळ नाही, माझं रान त्याची पोरं करतात. मागच्या वर्षी छातीत कळ आली तेव्हा नांदेडला त्यानंच नेलं, अकरा दिवस दवाखान्यात उशाशी बसून होता, माझे कपडे धुतले त्यानं. तो वाईट माणूस आहे असं मला लिहिताच येत नाही. त्याच्या विरोधात बोललो तर संध्याकाळी अंगणात बाज टाकून मी एकटाच बसेन, ही भीती. एवढीच. तुझ्या मायीच्या देहापुढं मी माझ्या बाजेचा विचार केला.

आणि चौकशीच्या साहेबांना मी सांगितलं, "मी घरी होतो, पाऊस होता." ते लिहून घेतलंय. खाली माझी सही आहे, पूर्ण नावाची.

तुझ्या अर्जाला गावातला एकही साक्षीदार नाही, हे मला ठाऊक आहे. भीमनगरची माणसं तुझ्या बाजूनं बोलली, ती तुझीच म्हणून मोजत नाहीत.

आता काय करावं ते तुला विचारणार नाही. आजवर सगळं तुलाच विचारत आलो.

आश्रुबा


२७ जानेवारी

सिद्धोधन,

काल ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात झेंडा झाल्यावर तिथंच. घरकुलाची यादी वाचणार होते म्हणून माणूस बरा जमला होता. यादी झाली, लोक उठायला लागले. मी उभा राहिलो. 

सरपंच राजेश्रीबाईंना म्हणालो, "माझा एक ठराव हाय. गावचं स्मशान आन् त्याचं शेड गावातल्या सगळ्यांसाठी खुलं हाय, आसं लिवून घ्या."

राजेश्रीबाई तरुण आहे, शिकलेली आहे. तिनं ग्रामसेवकाकडं बघितलं, मग मुंजाजीकडं बघितलं. तो सदस्य आहे. "काका, हा विषय आजच्या पत्रिकेत न्हाई."

"ऐनवेळचा विषय म्हणून घेता येतो."

"न्यायाच्या गोष्टी आत्ताच सुचल्या व्हय?" मागून कोणीतरी ओरडलं. कोण ते मी वळून पाहिलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी तिथं होतो. पाणी उतरेपर्यंत थांबा, असं मीच म्हणालो. ते चुकीचं होतं. बायनामाय पाच तास पावसात होती ती माझ्या शब्दानं. मी भाषण तयार केलं होतं, दोन पानी, लोकशाही म्हणजे नुसती डोकी मोजणं नव्हे असं काय काय त्यात होतं. ते खिशातच राहिलं.

"हात वर करा मग," राजेश्रीबाई म्हणाली. तिलाही ते लवकर संपवायचं होतं.

सात हात. मी, कासाबाई, भीमनगरचे चौघं, आणि भारत. भारतचा हात वर आला तेव्हा त्याच्या बापानं तो धरून खाली ओढला, तरी त्यानं दुसरा वर केला. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. दोनशे माणूस हात मांडीवर ठेवून बसलं होतं. ग्रामसेवकानं वहीत काय लिहिलं ते दाखवलं नाही.

घरी आलो तर मुंजाजी अंगणात उभा.

"दादा, ठराव-बिराव ठीक हाय. पण जबाब बदलू नगंस. बदललास तर मी आत जाईन."

"मी बी जाईन कदाचित."

"तू कामून जाशील? तू कोणाला हात लावला?"

"तू तरी कोणाला लावलास?"

त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "नांदेडला मी तुझ्या उशाशी बसलो तवा तुला कळलं न्हाई का मी कोण हाय ते?" आणि आत गेला.   

उद्या पूर्णेच्या गाडीनं जातो, साहेबांकडं. हे पत्र तिकडंच टाकीन.

आश्रुबा


२२ मार्च

सिद्धोधन,

परवाच्या पंचनाम्याला तू होतास, तर तुला तेच काय सांगायचं. पण माझ्या जागेवरून कसं झालं ते लिहितो, म्हणजे आपलं दोघांचं मिळून एक होईल.

जबाब बदलल्यापासून दळण गावात होत नाही. गिरणीवाल्याचा पट्टा आमच्याच वेळी तुटतो. कासाबाई चुडाव्याला जाते, डोक्यावर पायली घेऊन, तक्रार करत नाही. मुंजाजीनं अंगणात मधोमध तुराट्यांचा कूड घातला. त्याच्या पोरांनी रान सोडलं. मी ते भारतला बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, तो तयार झाला हेच खूप. महिनाभर एक पान वाचलेलं नाही. डोळ्याचं निमित्त आहे. खरं म्हणजे वाचायला बसलो की वाटतं, कोणीतरी मला पुन्हा शहाणा करायला निघालंय.

तर परवा. साहेब म्हणाले, "जो जिथं उभा होता तिथं उभा राहा." ओढा कोरडा, ऊन डोक्यावर. तू शेडाच्या वाटेवर तुझ्या जागी जाऊन उभा राहिलास. प्रियदर्शनी खाली बसली, जिथं ती बसली होती तिथंच, मातीत. मुंजाजी त्याच्या जागी. त्याचं पोट खपाटीला गेलंय, सदरा लोंबत होता. मी बाभळीपाशी गेलो.

मी तुला लिहिलं होतं, पार मागं होतो. मला खरंच तसं आठवत होतं. शिपायानं टेप लावला. एक टोक प्रियदर्शनीच्या हातात, दुसरं माझ्या पायाशी. त्यानं वाचलं, "अकरा फूट."

"परत मोजा," मी म्हणालो. साहेबांना वाटलं मी वाद घालतोय. त्यानं परत मोजलं. अकरा फूट. मी तीन पावलं टाकून हात पुढं केला असता तर मायीच्या तिरडीला हात लागला असता.

मग साहेबांनी माझा जबाब सगळ्यांसमोर वाचला. 'पाणी उतरेपर्यंत थांबा' हे वाक्य आलं तेव्हा मुंजाजी पहिल्यांदा बोलला. "मी तेच म्हणायलोय, साहेब. दादाच बोल्ला. मी इचारलं, त्यानं सांगितलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. लहानपणी मार चुकवायला तो असंच माझं नाव सांगायचा, आणि तेव्हाही ते बहुतेक खरंच असायचं.

साहेबांनी तुझ्याकडं बघितलं. "गुरुजी, हे तुमचे गावातले पहिले साक्षीदार आहेत. यांचंच नाव आरोपींच्या बाजूला गेलं तर तुमची केस लंगडी होईल. काय करायचं? हे वाक्य राहू द्यायचं का नुसतं 'हजर होतो' एवढंच ठेवायचं?"

 तू माझ्याकडं बघितलं नाहीस. प्रियदर्शनीनं बघितलं. मला त्या वेळी काय वाटत होतं ते खरं सांगतो. वाटत होतं, तू वाचवशील. चार पत्रांत एवढं सगळं कबूल करूनही, शेवटी आपला सिद्धोधन आहे, तो म्हणेल काढून टाका ते वाक्य, असं आत कुठंतरी धरून होतो. साठी उलटली तरी माणूस असा असतो.

तू म्हणालास, "जे झालं ते लिवा, साहेब. त्याच्या बोलण्यावर मी पाच तास थांबलो. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यावर थांबलो नसतो."

साहेबांनी लिहिलं. मी सही केली. मुंजाजीनं अंगठा द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं, मग दिला. तू लेकीच्या स्कूटरवर मागं बसून गेलास. धूळ उडाली, ती बसेपर्यंत आम्ही दोघं भाऊ तिथंच उभे होतो. मग तो त्याच्या वाटेनं गेला, मी माझ्या. घर एकाच ठिकाणी असूनही.

केस उभी राहील का नाही ते साहेबांनाही सांगता आलं नाही. राहिली तर वर्षं जातील. मी कोणत्या बाजूच्या बाकावर बसेन ते तुझा वकील आणि सरकार ठरवतील. बोलावतील तेव्हा येईन, जे लिहून दिलंय तेच बोलेन. यापुढं तुला पत्र लिहिणार नाही. तुझ्यावर ओझं होतं ते, हे मला उशिरा कळलं.

घरी आलो तर कासाबाई दळण चाळत होती. "मास्तर आलते?"

"आलते."

"तुमच्याशी बोल्ले?"

"न्हाई. माझ्याकडं बगितलं बी न्हाई. साहेबाला म्हणाले, ह्याच्या बोलण्यावर थांबलो. दुसऱ्या कोणाच्या थांबलो नसतो."

तिचा हात चाळणीवर तसाच राहिला. म्हणाली, "मग आजून काय बोलायचं ऱ्हायलं व्हतं त्यांनी?"

आश्रुबा